मधल्या जागेवरचे सर

सरांच्या हाती निरोप द्यायला आमच्या गल्लीतली माणसं कचरत. निरोप पोचणार नाही अशी भीती नव्हती. तो जसा दिला तसाच पोचायचा, हीच अडचण होती.

बीदरमध्ये एका मराठी दैनिकाचा वार्ताहर म्हणून काम करत असताना मी त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. माझा मोबाइल लागला नाही की संपादक सरांना फोन करत. संध्याकाळी मी जिन्यापाशी पोचलो की सर खुर्चीतून उठून दारात येत आणि सांगत, "तुमच्या संपादकांचा फोन होता. म्हणाले, 'तो बातमी देणार आहे की झोपा काढायला ठेवलाय त्याला तिथं?' तुमचं नाव घेतलं न्हाई. 'तो' म्हणाले." सांगताना चेहऱ्यावर थट्टा नसे. आवाज थोडा चढलेला असे, कारण संपादकांचा चढलेला होता. सांगून झालं की आवाज खाली येई आणि ते विचारत, "चहा घेताव?"

समोरच्या घरातल्या बाईंचा आणि अक्कांचा एकदा नळाच्या पाइपवरून खटका उडाला. अक्का म्हणजे सरांच्या पत्नी; लहानथोर सगळे त्यांना अक्काच म्हणत. बाईंनी सरांना रस्त्यात गाठून सांगितलं, "त्या भवानीला सांगा, पाइप परत माझ्या दारातनं नेली तर कोयत्यानं कापून टाकीन." सर घरात आले आणि चुलीपुढं बसलेल्या स्वतःच्या बायकोला त्यांनी हे भवानीसकट सांगितलं. अक्का म्हणाल्या, "काप म्हणावं. कोयता आमच्याकडनंच नेलाय तिनं, तो बी परत दे म्हणावं." सर चपला घालून परत निघाले. त्यानंतर गल्लीत एक रीत पडली. डोकं तापलेलं असेल तर सर समोर आले तरी बोलायचं नाही. आधी घरात जायचं, पाणी प्यायचं, आणि मग काय ते ठरवायचं.

त्यांची नोकरी भालकीच्या कोर्टात दुभाष्याची होती. आमच्या या पट्ट्यात फिर्यादी मराठीत बोलतो, वकील कन्नडमध्ये, साक्षीदार दखनी उर्दूत, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं थोडंथोडं कळत असतं. असं थोडंथोडं कळणं फार धोक्याचं, असं सर म्हणत. निवृत्तीनंतर ते बीदरला आले. इथल्या एका नर्सिंग प्रशिक्षण शाळेत नीतिशास्त्राचा तास घ्यायला कुणी तयार नव्हतं. तो जेवणानंतरचा पहिला तास होता, मुली पेंगत, आणि परीक्षेत त्याला फारसं वजन नव्हतं. तो तास सरांना मिळाला.

पहिल्या दिवशी ते मुलींना म्हणाले, "नीती म्हंजे काय ते मला म्हाईत न्हाई. पुस्तकात दिलंय. परीक्षेपुरतं पाठ करा. इथं आपण दुसरं काम करू." मग त्यांनी बाकं भिंतीला लावायला सांगितली आणि एक खाट मधोमध ओढली.

ते दुसरं काम असं होतं. तीन मुली उठायच्या. एक खाटेवर पडून रोगी व्हायची आणि मराठीत बोलायची. दुसरी डॉक्टर, तिनं कन्नडच बोलायचं. तिसरी दोघींच्या मध्ये उभी राहायची. तिच्या उभं राहण्याच्या ठिकाणाला सर मधली जागा म्हणत. मधल्या जागेवरच्या मुलीनं एक हात खाटेच्या कडेवर ठेवायचा, रोग्याचं पूर्ण ऐकायचं, आणि त्याच्याच जागेवर उभं असल्यासारखं डॉक्टरला सांगायचं. 'हा म्हणतोय की पोट दुखतंय' असं म्हणायचं नाही. 'माझं पोट दुखतंय' असं म्हणायचं. भर घालायची नाही, गाळायचं नाही, गोड करायचं नाही. रोग्यानं डॉक्टरला शिवी दिली तर शिवी पोचली पाहिजे. डॉक्टरचं उत्तर खाटेकडं आणायचं तेही त्याच पद्धतीनं.

एका मुलीनं विचारलं, "पर सर, दया म्हणून थोडं कमी सांगितलं तर?"

"दया नंतर करा," सर म्हणाले. "आधी निरोप पोचवा."

ते स्वतः कधी काही टिपून घेत नसत. ऐकताना डोळे मिटत. अर्ध्या बाह्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात पेनसुद्धा नसे. हातात पेन आलं की कान आळशी होतात, हे त्यांचं मत होतं, आणि माझ्या खिशातल्या दोन पेनांकडं बघून ते हे पुन्हापुन्हा मांडत.

या पद्धतीचे परिणाम वॉर्डात दिसू लागले. हुमनाबादकडच्या एका आजीबाईनं तपासायला आलेल्या डॉक्टरला उद्देशून, "ह्या मुडद्याचे हात बर्फावानी गार हायत, आधी चुलीवर शेकून ये म्हणावं," असं म्हटल्यावर शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ मुलीनं ते कन्नडमध्ये मुडद्यासकट सांगितलं. डॉक्टरनं हात चोळले आणि परत पोटाला लावले. याउलट, गुलबर्ग्याहून आलेल्या तपासणी अधिकाऱ्यानं वर्गात 'करुणा म्हणजे काय' असं विचारलं, तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "पेशंट एकच गोष्ट तीनदा बोलला तर डॉक्टरला तीनदा सांगणे." अधिकाऱ्यानं उत्तर चूक धरलं. सर मागं उभे होते. त्यांनी हरकत घेतली नाही. पुस्तकाप्रमाणे ते चूकच होतं, असं त्यांनी मला संध्याकाळी सांगितलं.

एकाच प्रश्नावर मी त्यांना अडलेलं पाहिलं. एका मुलीनं विचारलं होतं, "सर, पेशंट रडायलाय. रडणं कसं सांगायचं?" सर तसेच घरी आले. त्या आठवड्यात अक्कांनी दोनदा विचारलं की भाजीत मीठ कमी आहे का, आणि दोन्ही वेळा त्यांनी ऐकलं नाही. नंतर वर्गात जाऊन ते म्हणाले, "रडणं सांगायचं न्हाई. संपूपर्यंत थांबायचं. मधी डॉक्टर बोलायला लागला तर त्याला हातानं थांबवायचं. डॉक्टर रागावला तर रागावू द्या."

तो प्रश्न विचारणारी मुलगी रेणुका. ती कमठाणा गावची. तिचे आजोबा मेंढरं घेऊन फिरत. वडील दुसऱ्याच्या शेतात रोजानं जात. घरातून शिकायला बाहेर पडलेली ती पहिलीच. दर रविवारी ती सरांच्या घरी जेवायला असे. अक्का तिला वाढताना सांगत, "खा गं. तुझ्या हॉस्टेलातलं वरण मी बघितलंय. तळ दिसतंय त्याचा." शेवटच्या वर्षी तिची वॉर्डात नेमणूक झाली, आणि तिथं जे घडलं त्यानं तिचं शिक्षणच संपायची वेळ आली.

भालकीजवळच्या एका खेड्यातला म्हातारा ऊसवाला शेतकरी दाखल झाला होता. साखरेच्या आजारानं त्याचं एक पाऊल काळं पडलं होतं. डॉक्टर तरुण होता, म्हैसूरकडचा, नव्यानं आलेला. त्याला मराठीही येत नव्हती आणि दखनीही. खाटेभोवती म्हाताऱ्याची बायको आणि दोन मुलगे उभे होते. डॉक्टरनं रेणुकाला कन्नडमध्ये सांगितलं की पाय घोट्याच्या वर कापावा लागेल, आत्ता कापला तर गुडघा वाचेल, नाही कापला तर विष वर चढून जिवाला धोका आहे. अशा वेळी आमच्याकडची चालत आलेली पद्धत अशी की नर्स मुलांना बाहेर बोलावते, त्यांना खरं सांगते, आणि रोग्याला 'छोटं ऑपरेशन' म्हणून सांगितलं जातं. थोरल्या मुलानं तशी खूण केलीही. पण म्हाताऱ्यानं रेणुकालाच विचारलं, "काय म्हणायलाय डॉक्टर?"

तिनं सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं विचारलं, "कापल्यावर बैलामागं चालता येतंय का?" तिनं ते डॉक्टरला विचारलं. डॉक्टर नाही म्हणाला. ते 'नाही' तिनं खाटेपाशी आणलं.

दुपारी म्हातारा खाटेवरून उतरला आणि जीप करायला लावून गावी निघून गेला. पाठोपाठ मुलांची तक्रार आली. शिकाऊ पोरीनं बापाला 'तू मरणार' म्हणून घाबरवलं, त्यानं हाय खाल्ली, आता तो दवाखान्याचं नाव काढू देत नाही. शाळेनं रेणुकाचं वॉर्डात जाणं बंद केलं. चौकशी होऊन दोष सिद्ध झाला तर तिला काढून टाकणार होते. डॉक्टरनं खरं ते सांगितलं: मी जे बोललो ते बोललो, तिनं मराठीत काय सांगितलं ते मला कसं कळणार? म्हणजे सगळं घरच्यांच्या सांगण्यावर आलं. मुलगे येणार नव्हते. कारखान्याची तोड नेमकी त्यांच्या फडात आली होती, आणि ती चुकली की ऊस उभा वाळतो. त्यांनी आईला पाठवायचं कबूल केलं.

चौकशीला गुलबर्ग्याहून एक बाई अधिकारी आल्या. त्यांना मराठी येत नव्हती. मुख्याध्यापिकेनं दुभाषा म्हणून सरांचं नाव दिलं. सरांनीच हरकत घेतली. "ती माझी विद्यार्थिनी हाय. आमच्या घरी जेवती. दुसरा माणूस बघा." अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुम्ही बदलून सांगाल का?" सर म्हणाले, "न्हाई." "मग तुम्हीच बसा."

त्या दिवशी सकाळी मी जिना उतरत होतो तेव्हा खाली अक्कांचा आवाज आला. "म्हातारी पोरीवर उलटली तर?"

"तर ते सांगायचं."

"तसंच?"

"तसंच."

"मग आज जेवायला घरी येऊ नका," अक्का म्हणाल्या.

म्हातारीला गावाहून आणायचं काम माझ्याकडं होतं, कारण शाळेची जीप नादुरुस्त होती आणि माझ्याकडं मोटरसायकल होती. मागं बसून ती सबंध रस्ता माझ्या खांद्याला धरून बोलत होती. तिचं माहेर कन्नड. लग्न होऊन मराठी घरात आली. "सासू म्हणायची, चुलीपुढं तुझं ते कानडी नको. बोलणं सुटलं बाबा. जीभ गेली. कान राहिले." मालक कसे आहेत, असं मी विचारलं. "पायाकडं बघत बसलेत," ती म्हणाली.

चौकशी शाळेच्या कार्यालयात झाली. वीज गेली होती, दार उघडं होतं, आणि मला दारालगतच्या बाकावर बसू दिलं. अधिकारी टेबलामागं, बाजूला कारकून. रेणुका भिंतीपाशी उभी. म्हातारी खुर्चीवर अंग चोरून बसली आणि आपल्याला मराठीच बोलता येतं म्हणाली. सर तिच्या बाजूला उभे राहिले आणि त्यांनी एक हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

अधिकाऱ्यांनी कन्नडमध्ये विचारलं, या मुलीनं तुमच्या नवऱ्याला काय सांगितलं? सरांनी ते मराठीत विचारलं. म्हातारी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत एका दमात म्हणाली, "ह्या पोरीनं माझ्या मालकाला भेव घातलं. तू मरतूस म्हणाली. म्हणून ते उठून आले."

सरांचे डोळे मिटलेले होते. ते उघडून त्यांनी अधिकाऱ्यांकडं पाहिलं आणि कन्नडमध्ये, त्याच एका दमात, सांगितलं: या मुलीनं माझ्या नवऱ्याला भीती घातली, तू मरतोस म्हणाली, म्हणून ते उठून आले. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. कारकुनानं लिहून घेतलं. रेणुकानं मान वर करून सरांकडं बघितलं आणि परत खाली घातली.

म्हातारीच्या कानांना ते कन्नड कळलं होतं. ती खुर्चीत वळली. "काय म्हणायलाव मास्तर?"

सरांनी तेही कन्नडमध्ये सांगितलं.

"तुमी व्हता का तिथं?" म्हातारीचा आवाज वाढला. "कामून लेकराच्या अन्नात माती कालवायलाव? ही मरतूस म्हणाली न्हाई. पाय कापावं लागतंय म्हणाली. न्हाई कापलं तर जिवाला धोका हाय म्हणाली. मालकानं विचारलं म्हणून सांगितली. आन सांगताना त्यांचं पाऊल हातात धरली व्हती. त्या पावलाला वास येतंय, माझ्या सुना जवळ येत न्हाईत. हिनं धरलं. तुमी एवढे म्हातारे झालाव, केसं पिकली, आन खोटं बोलायलाव?"

सरांनी सगळं सांगितलं. पाऊल, वास, सुना. पिकलेल्या केसांचं वाक्य सांगताना त्यांचा आवाज तिच्याइतकाच चढला होता. "तुम्ही एवढे म्हातारे झालात आणि खोटं बोलता?" असं ते कन्नडमध्ये अधिकाऱ्यांना उद्देशून म्हणाले, तेव्हा कारकुनानं लिहिणं थांबवून कपाळाला हात लावला.

अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "मग मघाशी तुम्ही सांगितलं ते?"

"मी कुठं सांगितले?" म्हातारी म्हणाली. "हे मास्तर सांगायलेत."

सरांनी ते पोचवलं.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "अज्जी, इथं काय बोलायचं ते तुम्हाला कुणी सांगून पाठवलं होतं का?" हा प्रश्न सरांनी मराठीत आणला तेव्हा म्हातारी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. सर डोळे मिटून उभे होते.

"पोरं म्हणाली असं सांग म्हणून," ती अखेर म्हणाली. "बापाला जीपीत घालून परत आणलं म्हणून गाव त्यांना नावं ठेवायलंय. त्यांचं बी काय चुकलं न्हाई. बाप ऐकत न्हाई. पर हे मास्तर कामून पोरीच्या मागं लागलेत ते मला कळंना."

दुपारपर्यंत रेणुकाला परत वॉर्डात घ्यायचं आणि परीक्षेला बसू द्यायचं ठरलं. बाहेर झाडाखाली सरांनी म्हातारीसाठी चहा आणला. तिनं तो त्यांच्या हातून घेतला नाही. रेणुकानं घेऊन दिला तेव्हा घेतला. रेणुका सांगायला लागली, "अज्जी, सर तर तुमचंच बोलणं..." सरांनी तिला हातानं थांबवलं.

म्हातारीला परत सोडायला मी मोटरसायकल काढली, तर ती बसनंच जाणार म्हणाली. आम्ही सगळे स्टँडवर गेलो. भालकीची गाडी लागली तेव्हा ती रेणुकाचं मनगट धरून म्हणाली, "तू चल. तू सांगितलेलं मालकाला कळतंय. आमचं कुणाचं ऐकायलेत न्हाई."

रेणुकानं सरांकडं पाहिलं.

"ह्याला आणू नको," म्हातारी म्हणाली.

"जा," सर म्हणाले. "तुला विचारलंय."

येताना ते माझ्या मागं बसले होते. म्हातारीला खरं काय झालं ते रेणुकाला का सांगू दिलं नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, "बोलणं बरोबर व्हतं. रागवायचा माणूस चुकला, एवढंच. समजावून सांगितलं असतं तर ती शरमली असती. आन मग ते बोलणं तिचं राहिलं नसतं."

म्हातारा आला. दोन्ही मुलगे बरोबर होते आणि रेणुकाही. पाय घोट्याच्या वर कापला, गुडघा वाचला. तो बरा होईपर्यंत सर एकदा मुलींना घेऊन त्या वॉर्डातून गेले. म्हातारीनं पदर सावरून रेणुकाला विचारलं, "ह्या मास्तरला अजून ठेवलंय व्हय?" रेणुका हो म्हणाली. म्हातारी म्हणाली, "सरकारी कारभार."

रेणुका मात्र पुढचे काही रविवार जेवायला आली नाही. अक्का ताट मांडत आणि नंतर उचलून ठेवत. परीक्षा झाल्यावर एका रविवारी ती आली. त्या दिवशी मीही खालीच जेवत होतो. ती सरांच्या समोर बसली आणि ताटाला हात न लावता म्हणाली, "सर, तुम्ही एक शब्द बी गाळला न्हाई."

"न्हाई."

"म्हातारी रागावली नसती तर मी आज कमठाण्यात तुरी बडवत असते."

"व्हय."

"तुम्हाला काय वाटलं त्या वेळी?"

इतरांचं बोलणं इतकी वर्षं इकडून तिकडं नेलेल्या या माणसाला स्वतःचं सांगायला काही सापडेना. ते भाकरीचा तुकडा मोडत राहिले. तुकड्याचे बारीक तुकडे झाले.

अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हात ओले होते. त्या रेणुकाच्या आणि सरांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"मी सांगते," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सकाळी मी जेवायला येऊ नका म्हणाले. तर हे म्हणाले, 'पोरगी गेली तर मी त्या शाळेत परत पाय ठेवत न्हाई. पर सांगायचं ते सांगणार.' आन मोरीत जाऊन रडले. तोंड धुवायचं निमित्त करून. दोनदा."

सर डोळे मिटून ऐकत होते. अक्कांचं बोलणं पूर्ण होऊ दिलं आणि मग म्हणाले, "एकदा. दुसऱ्यांदा खरंच तोंड धुवायला गेलो व्हतो."

रेणुकानं ताट पुढं ओढलं आणि अक्कांना भाजी वाढायला सांगितली.